गव्हाणीतलं बाळ

नमस्कार मंडळी! नाशकातली थंडी काय म्हणतेय? सकाळी गोदाकाठी धुकं, संध्याकाळी गल्लीगल्लीत शेकोट्या, आणि कॉलेज रोडला निघालात तर दुकानांत लाल टोप्या, चकचकीत स्टार, प्लॅस्टिकची झाडं. मला त्याचं काही वावडं नाही हां, आमच्या घरीपण करंज्या-शंकरपाळे तळले जातात आणि पोरं गॅलरीत स्टार लावण्यावरून भांडतात. पण आज बोलायचंय ते या सगळ्याच्या आतलं, म्हणजे आम्ही ख्रिस्ती माणसं नाताळला नेमकं मानतो काय.

आम्ही मानतो की देव माणूस झाला. नुसतं दर्शन देऊन परत गेला असं नाही, तर आईच्या पोटात वाढला, भुकेनं रडला, त्याला अंगावर पाजावं लागलं, दुपटी बदलावी लागली. अख्खं जग ज्यानं निर्माण केलं तो आता मान धरायलासुद्धा दुसऱ्याच्या हातावर अवलंबून, हे जरा नीट डोक्यात घेतलं ना तर माणूस गप्पच होतो. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत एवढी गर्दी लोटते, आमच्यापेक्षा इतर धर्मांचेच लोक जास्त दिसतात कधीकधी, त्यांनाही हे लहानपणच जवळचं वाटत असणार असं मला आपलं वाटतं.

आता जन्म झाला कुठे? बायबलमधल्या एका शुभवर्तमानाचा लेखक लूक लिहितो की रोमचा सम्राट ऑगस्टस कैसर याचं फर्मान निघालं, सगळ्यांनी नावनोंदणी करा, म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरीया नासरेथहून बेथलेहेमला गेले, उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि बाळाला बाळंत्यात गुंडाळून ठेवलं गव्हाणीत, जनावरं वैरण खातात तिथे! आणि ही बातमी पहिली कुणाला कळली? ना राजाला ना याजकाला, तर रात्री उघड्यावर मेंढरं राखणाऱ्यांना. आपल्याकडे सुगीनंतर धनगर मंडळी कळप घेऊन येतात बघा, घोड्यावर बिऱ्हाड, खताच्या बदल्यात शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात, जाळीचा वाडा, आणि लांडग्याच्या भीतीनं कुणीतरी एकजण थंडीत जागाच. सिन्नरकडे जाताना आपण गाडीची काच वर करून पुढे निघून जातो, तशा माणसांकडे देवदूत आला. आमच्या श्रद्धेत ही गोष्ट साइडची नाही, मला विचाराल तर नाताळ म्हणजे हेच.

शरणपूर रोडवरून तर तुम्ही रोज जात असाल. ते शरणपूर मिशनऱ्यांनी १८५४ साली वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आसरा मिळाला. त्यातलेच काहीजण पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी आणि प्रवासी संशोधकाबरोबर होते, १८७३ला तो वारल्यावर त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन जाणाऱ्यांतही आपले हे नाशिककर होते. जागा न मिळालेल्यांना जागा देणं, नाताळ पाळायचा तर असा पाळावा.

नाताळला चर्चमध्ये येशूजन्माचा गोठा बनवतात तोही बघा कधी जाऊन. तरटाला माती फासून डोंगर, इगतपुरीकडून आणलेला भाताचा पेंढा, छोटी छोटी मेंढरं, आणि मधली गव्हाण मात्र रिकामी! बाळ ठेवतात ते २४च्या रात्री, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी. त्याआधी चार रविवार आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ असतो, एकेक मेणबत्ती वाढत जाते, जांभळी वस्त्रं, प्रार्थना, आणि रुसवेफुगवे मिटवणं, जे सगळ्यात अवघड. गोठ्याची ही पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीत ग्रेचो गावी खरा बैल नि गाढव उभं करून लोकप्रिय केली. गंमत म्हणजे लूकच्या वर्णनात ना बैल आहे ना गाढव, आणि तारा बघून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी, तीनच होते असंही बायबल कुठे म्हणत नाही, २५ डिसेंबर ही तारीखही त्यात नाही. त्यानं आमचं काही बिघडत नाही, आम्ही तारखेची पूजा करत नाही.

आणि एक, जे केकच्या दुकानात कधी कळणार नाही. २६ डिसेंबरला चर्च आठवण करतं स्तेफनाची, दगडमार होऊन मेलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा, आणि २८ला हेरोद राजानं मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप लेकरांची. बाळ येशू तेव्हा आईबापाबरोबर रातोरात मिसरात पळालेला, म्हणजे सरळ निर्वासितच. आनंदाच्या त्याच आठवड्यात हे दिवसही येतात. त्यामुळे तुमच्या शेजारी कुणी ख्रिस्ती कुटुंब असेल तर २५ला फराळाला जाच, पण जमलं तर २८लाही चक्कर मारा, गर्दी कमी असते, बोलायला निवांत वेळ मिळतो, आणि करंज्या तर उरलेल्या असतातच.