साक्षीदाराचं बोलणं इंग्रजीत नेताना

श्रोतेहो, नमस्कार. भाषांतर आणि दुभाषाचं काम शिकणाऱ्या, किंवा त्यात नुकतंच पाऊल टाकलेल्या मित्रमैत्रिणींशी आज बोलायचं आहे. इंग्रजीच्या वापराबद्दलच बोलणार आहे, पण ललित साहित्यातल्या इंग्रजीबद्दल नाही. कोर्टाच्या कागदांत जी इंग्रजी लागते, तिच्याबद्दल.

महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. फिर्याद, जबाब, पंचनामा, सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न), उलटतपास (समोरच्या वकिलाचे प्रश्न) हे सगळं बहुतेक मराठीत होतं. उच्च न्यायालयाचं काम मात्र राज्यघटनेच्या 348व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालतं. त्यामुळे खटला अपिलात गेला की खालचे मराठी कागद इंग्रजी होऊन वर जातात. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या बाईनं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं, त्यावर वर युक्तिवाद होतो तो इंग्रजी कागद समोर ठेवून. न्यायमूर्तींना मराठी येत असेल, नसेलही. वकील दिल्लीहून आलेले असू शकतात. त्या बाईचा आवाज म्हणजे तुमचं इंग्रजी वाक्य, हे मनात पक्कं असू द्या.

आता वाक्यांकडे येऊ. 'दारात चाकू पडला होता.' साधं वाक्य आहे. पण इंग्रजीत लिहायला बसलात की पहिलाच प्रश्न उभा राहतो : 'अ नाइफ' की 'द नाइफ'? मराठीला ही उपपदं लागत नाहीत. हवं तेव्हा आपण 'एक चाकू' म्हणतो, 'तो चाकू' म्हणतो आणि नको तेव्हा नुसतंच 'चाकू'. इंग्रजी मात्र दोन्हींपैकी एक घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आणि 'द' लिहिलंत की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, की ज्याची चर्चा चालली आहे तोच हा चाकू. साक्षीदार तसं बोललेलाच नसतो.

ही शंका नुसती व्याकरणाची नाही. 1975 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि ग्विडो झॅनी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि मग प्रश्न विचारले. काहींना विचारलं, फुटलेला हेडलाइट पाहिलात का, आणि त्यात 'अ' वापरला. काहींना तेच 'द' लावून विचारलं. 'द' ऐकलेल्यांपैकी 'मला माहीत नाही' म्हणणारे कमी निघाले, आणि फिल्ममध्ये नसलेली गोष्टसुद्धा पाहिली असं सांगणारे जास्त निघाले. एवढ्याशा शब्दानं माणसाची आठवण हलते. म्हणून माझा आग्रह असा, की वस्तू पहिल्यांदा आली की 'अ' लिहा. पुढे साक्षीदार स्वतः 'तो', 'तोच', 'हाच' म्हणेल तिथेच 'द' किंवा 'द सेम' येऊ द्या. मुद्देमाल दाखवल्यावर 'हाच तो चाकू' असं तो म्हणाला, तर त्या 'हाच'चं पूर्ण वजन इंग्रजीत उतरलं पाहिजे. ते वजन आधीच्या पानावर तुम्ही खर्चून टाकलेलं नसलं पाहिजे.

दुसरी जागा याहून अवघड आहे. 'पाटील आले आणि त्यांनी मारलं.' कोण आले? एक पाटील, ज्यांना आदरानं 'आले' म्हटलं? की पाटलांच्या घरचे चारपाच जण? 'त्यांनी' म्हणजे इंग्रजीत 'ही', 'शी' किंवा 'दे', तिन्ही होऊ शकतं, कारण घरातल्या मोठ्या बाईलाही आपण 'त्यांनी'च म्हणतो. बेकायदेशीर जमाव ठरायला कायद्यात पाच किंवा अधिक माणसं लागतात. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या सर्वनामावर आरोपाचं एक कलम टिकू किंवा ढळू शकतं. मागचापुढचा मजकूर वाचून उलगडा झाला तर ठीकच. नाही झाला, तर अंदाजानं भरू नका. तळटीप द्या, की मूळ शब्दावरून एक माणूस की अनेक, पुरुष की स्त्री, हे कळत नाही. अशा टिपेची लाज बाळगायचं काही कारण नाही. चांगले न्यायाधीश तिची किंमत ओळखतात.

त्याच वाक्यातलं 'मारलं' पाहा. चापट मारली, काठीनं मारलं, जिवे मारलं, सगळ्याला आपण 'मारलं' म्हणू शकतो. इंग्रजीत 'हिट', 'बीट' आणि 'किल' यांत फार मोठं अंतर आहे.

इंग्रजी लेखनशैलीवर मार्गदर्शन करणारे बहुतेक जण सांगतात, की कर्मणी प्रयोग टाळा, कर्ता पुढे आणा. इतर लिखाणात हा सल्ला मी मनापासून पाळते. पण साक्षीदार म्हणतो, 'मला धरलं, खाली पाडलं, मारलं', आणि कोणी ते सांगत नाही. कदाचित अंधारात त्याला दिसलं नसेल. इथे 'दे हेल्ड मी' लिहिणं म्हणजे अनेक माणसं उभी करणं. 'आय वॉज हेल्ड' हेच प्रामाणिक इंग्रजी. वाक्य जरा मंद झालं तरी चालेल.

अंधारावरून आठवलं. ओळख पटली की नाही हे अनेक खटल्यांत उजेडावर ठरतं, आणि आपल्याकडे उजेडाला किती शब्द आहेत! पहाट, झुंजूमुंजू, दिवेलागण, तिन्हीसांजा. 'पहाटे'चं 'इन द मॉर्निंग' केलंत तर वाचणाऱ्याला लख्ख ऊन दिसेल. 'बिफोर डॉन' म्हणा. 'दिवेलागणीला' असेल तर 'ॲट डस्क' आणि पुढे दिवे लावायच्या वेळी, इतकं लिहायला हरकत नाही. दोन शब्द वाढले तर वाढू द्या.

आणि एक छोटासा शब्द, जो घाईत हमखास गळतो : 'म्हणे'. 'तो म्हणे रात्रीच गावाला गेला.' यातला 'म्हणे' काढला, तर ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते. तोंडी साक्ष थेट असली पाहिजे, पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्यानंच बोललं पाहिजे, हा पुरावा कायद्याचा पाया आहे. तेव्हा 'म्हणे'साठी 'दे से' किंवा 'पीपल से' लिहा. 'आय वॉज टोल्ड' मात्र जपून. तसं लिहिलं तर कुणीतरी त्याला येऊन सांगितलं असा अर्थ निघतो, आणि वकील लगेच विचारतील, कोणी सांगितलं?

नात्यांबद्दल थोडक्यात सांगते. चुलत, मामे, आते, मावस, सगळ्यांना नुसतं 'कझिन' करू नका. वारसाच्या दाव्यात तो वडिलांच्या बाजूचा की आईच्या, यावर सगळं असतं. 'फादर्स ब्रदर्स सन' असं सरळ लिहावं. सातबारा, साठेखत, वहिवाट हे शब्द तसेच ठेवावेत आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्यावा. कागद परदेशी जाणार असेल, तर तारखेत महिना अक्षरांत लिहा. 3/4 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. लाख-कोटीचे आकडेही तिथे पूर्ण अंकांत द्या.

शैलीबद्दल मला सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते हे. साक्षीदाराला सुशिक्षित करू नका. 'आमच्या दादाला लई लागलं होतं' याचं 'द डिसीज्ड हॅड सस्टेन्ड ग्रीव्हस इंज्युरीज' करणारी भाषांतरं मी पाहिली आहेत. 'ग्रीव्हस' हा कायद्यातला व्याख्या असलेला शब्द आहे. तो त्या भावाच्या तोंडी घालायचा अधिकार आपल्याला नाही. 'माय एल्डर ब्रदर वॉज बॅडली हर्ट' पुरे. अर्धवट सुटलेलं वाक्य अर्धवटच ठेवा. उत्तर प्रश्नाशी जुळत नसेल, तर ते जुळवायला जाऊ नका. न्यायाधीश ती विसंगतीच तपासत असतात.

तोंडी काम करणाऱ्या दुभाषांनाही हेच लागू आहे. साक्षीदार 'मी' म्हणाला तर तुम्हीही 'आय' म्हणा. 'ही सेज दॅट' असं सुरू केलं की नोंदीत कोण कोणाबद्दल बोलतंय याचा घोळ होतो. 1969च्या शपथ कायद्यात साक्षीदाराप्रमाणे दुभाषालाही शपथ आहे, प्रश्न आणि उत्तरं नीट, अचूक पोचवीन अशी. तेव्हा 'त्यांनी' म्हणजे कोण हे कळलं नाही, तर साक्षीदाराला परस्पर विचारू नका. न्यायाधीशांना सांगा, की शब्दाचे एकाहून जास्त अर्थ होतात, खुलासा विचारायची परवानगी हवी. मग प्रश्नही नोंदला जाईल आणि उत्तरही. नमस्कार.