शपथ घेणारा वेगळा, पिणारा वेगळा

(सोलापुरातल्या एका वाचनालयात एका समुपदेशक ताईंनी केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय, थोडं कापलंय, बाकी त्यांच्याच बोलीत ठेवलंय.)

माईक चालू आहे ना? मागं ऐकू येतंय? बरं. ते दाराशी उभे आहेत ते काका, आत या की, खुर्च्या आहेत. व्यसनमुक्तीचं भाषण म्हटलं की लोक दाराशीच थांबतात, मधेच सटकता यावं म्हणून, मला माहितीये. पण आज मी कुणाला शपथ देणार नाहीये, निवांत बसा.

शपथेवरनंच सुरू करते. मी ह्या कामात नवीन होते तेव्हा माझ्याकडे एक यंत्रमाग कामगार यायचे, त्यांना आपण मामा म्हणू. खरं नाव सांगायचं नाही, आणि दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. चादरीच्या कारखान्यात बारा तासांची पाळी, सुटलं की घरी जायच्या आधी एक क्वार्टर, मग कधी दोन. दोनदा ॲडमिट होऊन आलेले. मी काय केलं, गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी त्यांना पोराच्या डोक्यावर हात ठेवून सिद्धेश्वराची शपथ घ्यायला लावली. मामा रडले, मामी रडल्या, मीपण रडले. भोगीला अक्षता सोहळ्याच्या वेळी संमती कट्ट्याजवळ मामा उभे होते, स्वच्छ कपडे, शुद्धीत, मी डोळ्यानं बघितलं. आणि दोन दिवसांनी होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं त्या रात्री मामांनी ती दुसरी दारू गाठली. (हशा) हसा हसा, मामापण हसूनच सांगतात आता. पण त्यानंतर आठ दिवस माणूस घरी नव्हता.

परत आले तेव्हा मी रागात होते. म्हटलं मामा, देवाची तरी लाज ठेवायची. तर मान खाली घालून म्हणतात, "ताई, शपथ घेतली तोबी मीच आणि प्यालो तोबी मीच, पण ते दोघं एकमेकाला ओळखत नाहीत बगा."

मला तेव्हा हे बहाणे वाटले. नंतर पाच-सहा वर्षांनी एका ट्रेनिंगला गेले आणि तिथं जे शिकवलं ते ऐकून मला हेच वाक्य आठवलं.

अमेरिकेत रिचर्ड श्वार्ट्झ म्हणून एक फॅमिली थेरपिस्ट आहेत. 1980 च्या दशकात ते शिकागोकडं अशा मुलींबरोबर काम करत होते ज्या भसाभसा खातात आणि मग ओकून टाकतात. त्या मुली सांगायच्या की माझ्यातला एक भाग शिव्या घालतो, मग दुसऱ्याला एकदम पोकळ वाटतं, मग तिसरा येऊन खायला लावतो. सासू, सून, नणंद कशा एका घरात भांडतात, तसं हे एकाच माणसाच्या आत चाललेलं. त्यांची एक पेशंट स्वतःला ब्लेडनं कापून घ्यायची. ह्यांनी त्या कापणाऱ्या भागाला इतकं दटावलं की शेवटी त्यानं कबूल केलं, नाही कापणार. पुढच्या आठवड्याला ती आली तर चेहऱ्यावर जखम. तेव्हा श्वार्ट्झ हरले, म्हणाले, मी तुझ्याशी जिंकू शकत नाही, आणि मग पहिल्यांदा त्यांनी त्या भागाला नुसतं विचारलं, तू असं का करतोस. तर तो सांगायला लागला की हिला लहानपणी काय काय सोसायला लागलं आणि त्यातनं हिला जगवायला मी हे काम घेतलं. तिथनं ही पद्धत तयार झाली, इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, आयएफएस. व्यसनासाठी ती कशी वापरायची ह्यावर सीसी साइक्स ह्यांनी खूप काम केलंय.

आता आपल्याला हे नवीन आहे का? आपण रोज म्हणतो की, एक मन म्हणतं जा, दुसरं मन म्हणतं नको. हे दुसरं मन कोण, त्याचं वय काय, ते कधीपासून इथं राहतंय, एवढं फक्त आपण कधी विचारत नाही.

ह्या पद्धतीत आतल्या माणसांचे ढोबळ तीन प्रकार धरतात. एक मॅनेजर, घर सांभाळणारे, हिशोब ठेवणारे, लोक काय म्हणतील बघणारे, शपथ घेणारा हाच. दुसरे फायरफायटर, मी त्यांना बंबवाले म्हणते. आग लागली की बंब येतो, तेव्हा तुमच्या घरातली गादी भिजते का टीव्ही फुटतो हे तो बघत नाही, आग विझली पाहिजे बास. दारू, मावा, पत्ते, रात्रभर मोबाइल, सगळे बंबवाले. आणि आग कुठं लागते, तर तिसऱ्यांकडं. त्यांना मी वाळीत टाकलेले म्हणते, बहुतेक लहान वयाचे असतात, त्यांच्याकडं जुनी भीती, शरम, एकटेपण असतं आणि बाकीच्यांनी त्यांना मागच्या खोलीत कोंडून कडी लावलेली असते.

मामांचा दिवस बघा. सकाळी डोकं ठणकतंय आणि आतला मॅनेजर सुरू, नालायक, पोरीच्या फीचे पैसे उडवलेस, मर जा. त्याला वाटतं एवढं झोडपलं की सुधारेल. संध्याकाळपर्यंत त्या शिव्यांनी मागच्या खोलीतलं पोरगं पार कोलमडतं. मग बंब निघतो. दुसऱ्या दिवशी मॅनेजर दुप्पट चिडलेला. म्हणजे आपण ज्याला मामांची चांगली बाजू समजून टाळ्या देत होतो, तोच रोज आग पेटवायला मदत करत होता! आणि मी त्याच्या बाजूनं उभी. मी, मामी, डॉक्टर, सासरे, सगळे एका बाजूला आणि तो पिणारा एकटा एका बाजूला, तरी जिंकायचा तोच, कारण त्याला वाटतं मी थांबलो तर हा माणूस मरेल.

मग आम्ही काय केलं ते सांगते. मामा खुर्चीत बसले, पायातल्या चपला काढल्या. मी म्हटलं, ज्याला प्यायचंय तो अंगात कुठं जाणवतो? त्यांनी हात घशाखाली ठेवला, म्हणाले इथं, आवळल्यागत. म्हटलं त्याच्याबद्दल काय वाटतं? "मुडदा पाडावा वाटतो त्याचा." हा मॅनेजर बोलला. म्हणून आधी त्याला विनंती, दादा, तू बरोबर आहेस, लई थकलायस, पाच मिनिटं जरा बाजूला सरक. हे सरकायलाच आम्हाला तीन-चार बैठकी लागल्या. मग एक दिवस मामा म्हणाले, आता राग नाही येत, बघू तरी काय म्हणतो. असं कुतूहल आलं ना, की समजायचं आता आत घरातलं कर्तं माणूस जागं झालं. श्वार्ट्झ त्याला सेल्फ म्हणतात, ते प्रत्येकात असतं, बिघडत नाही, फक्त झाकलं जातं असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा विचारलं, तू पाजायचं थांबवलंस तर काय होईल अशी भीती आहे तुला? मामा बराच वेळ गप्प. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग म्हणाले, "मागाचा आवाज येईल." मला कळेना. आठवड्याभरानं कळलं. वडील गेले तेव्हा ह्यांना मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामावर पाठवलेलं, लहान आहे, बघवणार नाही म्हणून अंत्यविधीला नेलंच नाही. दिवसभर त्या मागांच्या खटाखटीत पोरगं कांड्या भरतंय आणि घरी गेल्यावर बाप नाही. कुणी समजावून सांगितलं नाही, पोरगंपण रडलं नाही. मी म्हटलं, त्या पाजणाऱ्याला विचारा, मामांचं वय किती आहे. मामांनी डोळे मिटून विचारलं आणि दचकून डोळे उघडले. म्हणाले, "अकरा म्हणतोय ओ." मामा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते, पोरगी कॉलेजला. तो बंबवाला अजून अकरा वर्षांच्या पोरालाच वाचवत होता.

आता लगेच कुणी असं समजू नका की एवढ्यानं दारू सुटली. अजिबात नाही, नंतर दोनदा घसरले. फक्त घसरल्यावर आठ दिवस गायब झाले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले.

आणि हे कान उघडे ठेवून ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, माणूस दगावू शकतो. ते आधी डॉक्टरांचं काम, औषधं देऊन, गरज पडली तर ॲडमिट करून. आतल्या भागांशी गप्पा नंतर. दुसरं, ते पेशंटला न सांगता जेवणात घालायची पावडर. कितीतरी बायका घालतात. त्यात डायसल्फिरामसारखं, म्हणजे दारू सोडवायला देतात तसलं औषध असलं आणि वरनं तो प्यायला तर बीपी पडून जीव जाऊ शकतो. ते औषध पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं असतं. शिवाय माणसाचा भरवसा जातो तो वेगळा, उद्या तो घरचं पाणीपण प्यायचा नाही.

आयएफएसचे व्यसनावरचे अभ्यास अजून थोडेच आहेत, हेपण सांगते, जादू म्हणून विकणारे भेटतील. मी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, दारू सोडणारे एकमेकाला धरून बसतात त्या मीटिंगा बंद करा असंही म्हणत नाही. 1935 पासून चाललेलं काम आहे ते, मामा अजून जातात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, तिथं गेलेली माणसं माझ्याकडं येतात, माझ्याकडची तिकडं जातात.

माझंही एक सांगते. माझे वडील प्यायचे. दहा वर्षांची असताना ते दारात आले की मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जाऊन वास घ्यायची आणि आईला डोळ्यानं खुणवायची. ती पोरगी अजून माझ्यात आहे. मामांना शपथ घालायला लावली ती तिनं. समुपदेशक म्हणून खुर्चीत बसले तरी नाक वास घेत असायचं, हे मला फार उशिरा कळलं.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: मग पिऊन आल्यावर दार उघडायचं का नाही?)

ताई, तुम्ही खरा प्रश्न विचारलात. पाजणाऱ्या भागाला समजून घ्यायचं म्हणजे त्याला सगळं चालवून घ्यायचं असं नाही. हात उचलत असेल तर दार उघडू नका, पोरांना घेऊन शेजारी जा, 112 लावा. बाई 181 ह्या महिला हेल्पलाइनलापण फोन करू शकते. त्याच्या आतल्या पोराला समजून घेणं हे तुमचं काम नाहीच, ते त्याचं आणि आमचं. आणि प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका, त्या वेळी तुम्ही बंबाशी बोलत असता. सकाळी बोला, आणि "का प्यालास" असं न विचारता "काल पिण्याच्या आधी काय झालं होतं" असं विचारून बघा. पहिल्यांदा उत्तर नाही येणार.

14446 हा व्यसनासाठीचा नंबर, 14416 मनाच्या त्रासासाठी, दोन्ही फुकट, लिहून घ्या. बाहेर चहा ठेवलाय. दाराजवळचे काका गेले का? नाही, आहेत. काका, थांबा दोन मिनिटं, मी येते तिकडं.