गाडी हवा पिते तेव्हा

नमस्कार मंडळी. थंडीच्या सकाळी जुनी डिझेल गाडी सुरू केली, की बॉनेट थरथरतं, मिसिंग लागतं (एखादा सिलिंडर मधूनच चुकतो), आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, "विका आता हे धूड." गॅरेजला नेली, की पहिलं वाक्य ठरलेलं: पंप उतरवावा लागेल. तर थांबा. आधी डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो), आणि नोझलला जोरानं डिझेल देणारा पंप सगळ्यात शेवटी. आधी हवा! का, ते माझ्याच जीपवरून सांगतो.

वीसेक वर्षं झाली. डिसेंबर महिना. धुळ्याला आत्याकडे भरिताचा बेत, म्हणून बामणोदची वांगी गोणीभर घेऊन जळगावहून निघालो. (वांगी गॅसवर भाजणाऱ्यांशी माझं पटत नाही. भरिताला पऱ्हाटीचाच, म्हणजे कपाशीच्या काड्यांचाच, जाळ हवा. असो.) जीपचे नोझल तपासून झाले होते, पंपाचं कॅलिब्रेशन झालं होतं, खिसाही साफ झाला होता. तरी एरंडोल सोडलं आणि मिसिंग सुरू. पारोळ्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीसमोर गाडी बंदच पडली.

टपरीमागे एक म्हातारे मिस्त्री ट्रॅक्टर खोलून बसले होते. हात पुसत आले. इंजिनाकडे पाहिलंही नाही, टाकीचं झाकण काढून आत डोकावले आणि म्हणाले, "टाकी भरेल ऱ्हास तव्हय बरी चालस ना?"

मी चमकलो. खरंच की! टाकी फुल्ल असली की गाडी गुणाची, निम्म्यावर आली की दुखणं सुरू. महिनाभर डोळ्यांसमोर होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

मिस्त्रींनी पेटीतून सलाइनची नळी काढली आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ते डिझेल फिल्टर या पाइपाच्या जागी तारेनं आवळून बसवली. हातपंप मारून गाडी सुरू केली. नळीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ चालली होती. मग त्यांनी बोटभर ग्रीस घेतलं आणि टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाला जिथे जोडला होता, त्या बोल्टभोवती लिंपलं. बुडबुडे बंद!

"दखा," ते म्हणाले, "गाडी हवा पी राहिनी."

आता कबुली देतो. दोन महिन्यांपूर्वी तो बोल्ट मीच खोलला होता, आतली जाळी साफ करायला. आणि तांब्याचं जुनं, दबलेलं वायसर (वॉशर) तसंच परत बसवलं होतं. कंजुषी, दुसरं काय! मिस्त्रींनी ते वायसर पकडीत धरून टपरीच्या स्टोव्हवर लाल केलं, पाण्यात टाकलं. तांबं असं तापवलं की मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. पॉलिश पेपरवर दोनदा घासून चढवलं, पाइपातली हवा काढली, आणि गाडी एका लयीत चालू झाली. पैसे घेतले नाहीत, चार वांगी घेतली. मी म्हटलं, "गॅसवर भाजू नका हं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं गाडीत बसलो.

आता कारण, थोडक्यात. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. पंपानं दिलेला जोर बुडबुड्यातच जिरतो, नोझल धड उघडत नाही, तो सिलिंडर चुकतो. आणि टाकी ते फीड पंप ही ओढण्याची बाजू. तिथे इंजिन चालू असताना फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून जमिनीवर डाग नाही, दोष दिसत नाही. टाकीतलं डिझेल खाली गेलं की जास्त ओढावं लागतं, हवा जास्त शिरते. म्हणून पुन्हा सांगतो, आधी हवा!

हवा नाही, तर नोझल. इंजिन चालू ठेवून नोझलच्या एकेका पाइपाचा नट जरासा सैल करायचा. आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करतोय. फरकच पडला नाही, तर रोगी तोच. पण फवाऱ्यासमोर हात नको, तो कातडीच्या आत शिरतो. आणि हे फक्त जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांवर. कॉमन रेलच्या गाडीत (नव्या डिझेल गाड्या, सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) दाब हजार बारच्या वर जातो, तिथे नटाला हातही लावू नका!

काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो. पांढऱ्या धुराचं पुढच्या वेळी बोलू, आजची वेळ वांग्यांनी खाल्ली. नमस्कार.