संस्कृतीकरण : जागा बदलली की रचना? | बारावी समाजशास्त्र

नमस्कार मंडळी, कसे आहात?

मागच्या व्हिडिओखाली अकरावी-बारावीच्या मुलांनी एकच धोशा लावलाय, "ताई, संस्कृतीकरण परत एकदा घ्या ना." परीक्षा जवळ आली की हा प्रश्न येतोच. म्हणून आज फक्त तेच घेणार आहे.

आधी भराभर उरकते. सीबीएसई बारावीला दोन पुस्तकं : एक भारतीय समाजावरचं, दुसरं सामाजिक बदल आणि विकासावरचं. ८० गुणांचा पेपर, २० गुणांचा प्रोजेक्ट. संस्कृतीकरण दुसऱ्या पुस्तकात, सांस्कृतिक बदलाच्या धड्यात. गुजरात बोर्डवाल्यांनो, तुमच्या धड्यांची मांडणी वेगळी असेल, संकल्पना तीच आहे. पेपर इंग्लिशमध्ये लिहा नाहीतर गुजरातीत, समजून आपण मराठीत घेऊ.

व्याख्या सगळ्यांना पाठ असते. खालची मानली गेलेली जात किंवा एखादा आदिवासी गट वरच्या, बहुतेकदा द्विज, म्हणजे मुंजीचा अधिकार असलेल्या, जातीच्या चालीरीती, कर्मकांड, विचार, राहणी उचलतो आणि हळूहळू, एकदोन पिढ्यांत, वरच्या स्थानावर हक्क सांगतो. ही संकल्पना मांडली समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी, १९५२, कर्नाटकातल्या कूर्ग समाजाचा अभ्यास. झालं.

इथे दोन मिनिटं थांबते. श्रीनिवास मूळचे म्हैसूरचे, पण १९५०च्या दशकात आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला. १९५९ साली ते दिल्लीला गेले. आर्ट्स फॅकल्टीच्या त्या मोठ्या घुमटासमोर फोटो काढणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. "सायन्सला नंबर लागला नाही का?" असं तुम्हाला विचारणाऱ्या काका-मावशींनाही हे सांगा. हा विषय या देशात ज्यांनी घडवला, त्यांच्यातलं एक मोठं नाव आपल्या गावात शिकवून गेलंय.

आता मुद्द्यावर येते. क्लासमधल्या सराव-पेपरांत दरवर्षी हे वाक्य सापडतं : "संस्कृतीकरणामुळे जातिव्यवस्था नाहीशी होत आहे." अक्षर सुंदर, खाली पट्टीने रेघ मारलेली, आणि वाक्य साफ चुकीचं! संस्कृतीकरणाने गटाची जागा बदलते, रचना बदलत नाही. रांगेत तुम्ही दहाव्या नंबरवरून सहाव्यावर आलात, पण रांग मोडली का? नाही ना? उलट पुढे सरकण्यासाठी धडपडलात म्हणजे रांग तुम्ही मान्यच केलीत.

एका मुलाने कमेंट केलीय, "आमच्या आजोबांनी माळ घातली आणि मटण सोडलं, हे संस्कृतीकरण का?" छान प्रश्न आहे. उत्तर : एवढ्यावरून नाही. आजोबांची ती श्रद्धा झाली. अख्ख्या गटाने रीत बदलली आणि त्या जोरावर "आम्हाला वरचं माना" असा दावा केला, तर संस्कृतीकरण. दावा शोधा. दावा नसेल तर उदाहरण बाद.

हेच आता आपल्या इतिहासातून बघू. वेदोक्त प्रकरण ऐकलंय? राजघराण्यातली धार्मिक कृत्यं पुराणोक्त मंत्रांनी व्हायची, कारण पुरोहितांच्या मते वेदमंत्रांचा अधिकार त्यांना नव्हता. सयाजीरावांनी बडोद्यात वेदोक्त सुरू केलं, पाठोपाठ कोल्हापुरात शाहू महाराजांनी तोच आग्रह धरला आणि केवढं वादळ उठलं! आम्ही क्षत्रिय आहोत, आमचे विधी वेदोक्तच होणार. हा दावा कशाचा? जागेचा. आता पुढचं बघा. त्याच शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. इथे कोणी कोणाची रीत उचलली? कोणीच नाही. शाळा कोणाला, कचेरीतली खुर्ची कोणाला, हे वाटपच बदलायला घेतलं. माणसं तीच, राजवाडे तेच, पण पहिली मागणी जागेची आणि दुसरी कामं रचनेला हात घालणारी. हा फरक ज्याला दिसला त्याला धडा समजला.

अजूनही पटत नसेल तर बाबासाहेबांकडे चला. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले आणि १९१६ साली तिथे भारतातल्या जातींवर निबंध वाचला. श्रीनिवासांच्या ३६ वर्षं आधी! जातीच्या आतच लग्न करायचं बंधन हा जातीचा गाभा, आणि वरच्यांचं अनुकरण करत इतरांनीही आपापली दारं लावून घेतली, असं त्यांनी मांडलं. म्हणजे अनुकरणाने जात फोडली नाही, जाती वाढवल्या. टीकेच्या मुद्द्यात एवढं नीट लिहिलंत तरी तुमचं उत्तर उठून दिसेल.

आणि टीकेचं म्हणाल तर एक मुद्दा मुलं नेहमी गाळतात, तो म्हणजे बायकांचा. वरच्यांची रीत उचलली म्हणजे नेमकं काय उचललं? मुलींचं घराबाहेर पडणं बंद, विधवेचा पुनर्विवाह बंद. मुलीच्या बापाला मिळणारं देज गेलं आणि हुंडा आला. गटाची पत वाढली, ती कोणाच्या जिवावर? मुलींनो, हा मुद्दा पहिला लिहा. आणि लक्षात ठेवा, तुमच्या पुस्तकात याच धड्यात कुमुद पावडे आहेत. दलित घरातली मराठी मुलगी संस्कृत शिकते, संस्कृतची प्राध्यापक होते. चौकटीतला मजकूर परीक्षेला नाही म्हणून तिथलं पान उलटू नका, प्लीज.

माझी आणखी एक तक्रार. "म्हणून आपण सर्वांनी जातिभेद विसरून एकत्र आले पाहिजे" हे वाक्य उत्तराच्या शेवटी नको. भावना खरी आहे, मलाही तेच वाटतं. पण प्रश्न विचारतो की हे घडतं कसं, का घडतं, कोणाच्या पदरात काय पडतं. त्या जागी एक उदाहरण जास्त लिहा.

प्रोजेक्टचं बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढच्या व्हिडिओत घेते. तोवर हा सहा गुणांचा प्रश्न : "संस्कृतीकरणामुळे स्त्रियांचं स्थान सुधारलं का? चर्चा करा." वहीत लिहा, फोटो नको, कमेंटमध्ये टाइप करा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. पहिल्या दोन ओळींत दावा कोणाचा आणि जागा कोणाची ते आलं पाहिजे, मी तेच आधी तपासणार आहे.