मागून आलेली कॅसेट

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो बुटांच्या खोक्यातून. आतेभावाला नवा मिळाला, म्हणून त्याचा जुना आमच्याकडे आला. वायरी रबरबँडने बांधलेल्या, एका रिमोटचं बटण दाबलं की वर यायला वेळ घ्यायचं, आणि दहा-बारा कॅसेटी. त्यातल्या निम्म्यांवरची चित्रं घासून पांढरी झाली होती, त्यामुळे आत कोणता गेम आहे ते लावल्याशिवाय कळायचं नाही. लावूनही कधीकधी पडद्यावर नुसत्या पट्ट्या यायच्या. मग कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरून फुंकायची, पुन्हा लावायची. खरं तर फुंकण्याचा काहीच उपयोग नसतो. कॅसेट काढून परत बसवली की पिनांचा संपर्क नीट होतो, काम त्यानेच होतं. फुंकेतल्या ओलाव्याने उलट पिना गंजतात. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर मी हजारो वेळा फुंकले होते.

साल होतं १९९५. माझं वय आठ. ते यंत्र आठ बिटांचं होतं (बिट म्हणजे यंत्राच्या ताकदीचं ढोबळ माप), निन्टेन्डो या कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हे यंत्र आणलं त्या पिढीचं. मधल्या काळात सोळा बिटांची यंत्रं येऊन जुनी व्हायला लागली होती आणि डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचं पहिलं प्लेस्टेशन बाजारात उतरलं होतं. म्हणजे मी पहिल्यांदा रिमोट हातात घेतला तेव्हा खेळांचं जग दोन पिढ्या पुढे निघून गेलं होतं.

पुढे हे अंतर थोडं कमी झालं, मिटलं मात्र कधीच नाही. १९९८ मध्ये माझ्याकडे सोळा बिटांचा सुपर निन्टेन्डो आला, तेव्हा वर्गातल्या मुलांकडे प्लेस्टेशन होतं. २००२ मध्ये प्लेस्टेशन आलं, तेव्हा सगळे प्लेस्टेशन टू खेळत होते. प्लेस्टेशन टू माझ्या हाती लागलं ते २००७ मध्ये, प्लेस्टेशन थ्री येऊन गेल्यावर. आई म्हणायची, "आहे त्याच्यावर खेळून तर संपव आधी." तिचं बरोबर होतं. मी खरंच संपवत नव्हते, कारण खेळ संपतच नव्हते. मला खेळांची कमतरता कधीच भासली नाही. कमी पडलं ते वेगळंच काहीतरी, आणि आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

एक प्रसंग सांगते. मी बारा वर्षांची असेन. मधल्या सुट्टीत चार मुलं कोंडाळं करून बोलत होती. विषय होता 'मेटल गिअर सॉलिड', प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये आलेला गेम. त्यात सायको मँटिस नावाचा एक खलनायक आहे. तो म्हणतो, मी तुझं मन वाचतो. आणि खरोखर वाचतो. तुमच्या मेमरी कार्डावर त्याच कंपनीच्या दुसऱ्या गेमची नोंद सापडली तर त्या गेमचा तुमच्यासमोर उल्लेख करतो. रिमोट जमिनीवर ठेवायला सांगतो आणि कंपनाने तो हलवून दाखवतो. त्याच्याशी लढायला गेलात तर तुमचा प्रत्येक वार त्याला आधीच कळलेला असतो. यावर उपाय असा. खुर्चीवरून उठायचं, रिमोटची वायर पहिल्या खोबणीतून काढायची आणि दुसऱ्या खोबणीत लावायची. मग त्याला तुमचं मन वाचता येत नाही.

हे ज्याला सापडलं होतं तो मुलगा अक्षरशः थरथरत सांगत होता. बाकीचे त्याचं बोलणं मध्येच तोडत होते, ओरडत होते. मी कडेला उभी राहून ऐकत होते. मला सगळं कळत होतं, पण माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

तीन वर्षांनी, प्लेस्टेशन आल्यावर, मीही सायको मँटिसपर्यंत पोचले. काय करायचं ते मला माहीत होतं. मी उठले, वायर काढली, दुसऱ्या खोबणीत लावली आणि त्याला हरवलं. दुसऱ्या दिवशी हे सांगायला म्हणून वर्गात गेले. पण त्या गेमविषयी आता कुणीच बोलत नव्हतं. सांगणार कुणाला? त्या गेममधला सर्वांत मोठा चमत्कार माझ्या वाट्याला आला तो आधी कुणाकडून तरी ऐकलेला म्हणून, आणि तो घडला तेव्हा खोलीत मी एकटी होते. मागे असण्यातला सल असेल तर तो हाच. चित्रं कमी चकचकीत होती याचं मला कधी काही वाटलं नाही.

आता दुसरी बाजू सांगते, कारण ती तितकीच खरी आहे.

यंत्र नवं असतं तेव्हा त्याच्यावर गेम बनवणाऱ्यांनाही ते पुरतं कळलेलं नसतं. त्यातून काय काय निघू शकतं हे समजायला वर्षं जातात. फॅमिकॉमवरचा १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सगळा मिळून ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवरचा एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा इतकी अपुरी होती की त्यात आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. पुढच्या वेळी दिसला तर नीट बघा. आणि त्याच यंत्रावर १९९३ मध्ये 'कर्बीज ॲडव्हेंचर' आला, तो ७६८ किलोबाइटचा, म्हणजे जवळजवळ १९ पट. यंत्र तेच, आतला प्रोसेसर तोच. फरक एवढाच की दरम्यानच्या आठ वर्षांत लोक कॅसेटच्या आतच जास्तीची चिप बसवायला शिकले होते आणि ती चिप यंत्राला आळीपाळीने मेमरीचा एकेक तुकडा दाखवायची. कर्बीची मागची दृश्यं सरकताना बघितली तर हे फॅमिकॉमच्या पिढीचं यंत्र आहे यावर विश्वास बसत नाही.

बुटांच्या त्या खोक्यात माझ्याकडे १९८५ ही होतं आणि १९९३ ही. पहिल्या दिवशी यंत्र घेणाऱ्याला जी आठ वर्षं वाट बघत काढावी लागली, ती मला एका दुपारी मिळाली. पुढेही हेच घडत गेलं. 'गॉड ऑफ वॉर टू' हा गेम मार्च २००७ मध्ये आला तो प्लेस्टेशन टूवर, प्लेस्टेशन थ्री आल्यानंतर चार महिन्यांनी. त्या जुन्या यंत्राकडून त्यांनी जे करून घेतलंय ते बघून मी थक्क झाले होते. यंत्र मुरलेलं असतं म्हणतात ते असं.

आणि मागून येणारे आम्ही काही थोडेथोडके नव्हतो. प्लेस्टेशन टूची विक्री १५ कोटींच्या वर गेली, आणि त्याचं उत्पादन २०१२ च्या अखेरपर्यंत चालू होतं. एव्हाना पुढचं यंत्र येऊन सहा वर्षं झाली होती. ब्राझीलमध्ये सेगाचं मास्टर सिस्टिम हे आठ बिटांचं यंत्र १९८९ मध्ये आलं आणि टेकटॉय या कंपनीने ते नव्या नव्या रूपात कित्येक दशकं विकत ठेवलं. जगातली कितीतरी मुलं माझ्यासारखीच एक पाऊल मागून चालत होती. एकमेकांना दिसत नव्हतो, एवढंच.

गुनपेई योकोई हे नाव इथे घ्यायलाच हवं. निन्टेन्डोच्या या अभियंत्याचा आग्रह होता की खेळणं बनवायला सर्वांत नवं तंत्रज्ञान लागत नाही. जुनं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या आहेत असं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा वेगळ्या दिशेने विचार करा. हातात धरून खेळायचा १९८९ चा गेम बॉय अशाच विचारातून घडला. पडदा रंगीत नाही, चारच छटा, आणि मागून उजेडही नाही. अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर रंगीत होते, पण त्यांचे सहा-सहा सेल बघता बघता संपायचे. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त तास चालायचा. त्याच्या नंतरच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटींहून जास्त गेम बॉय विकले गेले. मला हे मोठेपणी वाचायला मिळालं आणि खूप बरं वाटलं. मागचं तंत्रज्ञान कुणीतरी मुद्दाम, प्रेमाने निवडलं होतं.

आता त्या कॅसेटकडे येते.

सुपर निन्टेन्डोबरोबर 'द लेजंड ऑफ झेल्डा : अ लिंक टू द पास्ट' या गेमची जुनी कॅसेट आली. हा १९९१ चा गेम. त्यात सेव्ह करायला तीन जागा असतात. कॅसेटच्या आत एक छोटी मेमरी असते आणि नाण्याएवढा एक सेल तिला सतत जागं ठेवतो. मी गेम लावला, तर पहिल्या जागेत आधीच एक नाव होतं. चार अक्षरांचं. माझ्या ओळखीतल्या कुणाचंच नाही. ही कॅसेट आतेभावाकडेही दुसऱ्याच कुणाकडून आली होती. नावापुढे लाल बदामांची रांग, म्हणजे खेळातल्या नायकाचा जीव. हा खेळ तीन बदामांपासून सुरू होतो आणि जास्तीत जास्त वीस होतात. या अनोळखी मुलाचे, किंवा मुलीचे, अठरा झाले होते.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, खोडून टाक ना ते, आपल्याला जागा होईल." मी म्हटलं, दोन आहेत, एक तुझी, एक माझी. ते राहू दे.

मी माझ्या जागेत खेळायची. अडले की रिमोट ठेवून त्या पहिल्या फाइलमध्ये शिरायची. ज्या गुहेचं दार मला उघडत नव्हतं, ते त्याच्या नकाशात उघडलेलं असायचं. जी वस्तू मला मिळत नव्हती, ती त्याच्या पेटीत असायची. तेव्हा मला कळायचं, म्हणजे ती मिळते तर! मग सेव्ह न करता बंद करायचं, म्हणजे त्याचं होतं तसंच राहील, आणि आपल्या फाइलमध्ये परत यायचं. मधल्या सुट्टीतल्या त्या कोंडाळ्यात जे बोलणं माझ्या वाट्याला येत नव्हतं, ते मला इथे मिळालं. माझ्या पुढे चालून गेलेलं कुणीतरी मला रस्ता दाखवत होतं आणि ते कोण होतं हे मला आजही माहीत नाही.

त्या गेममध्ये रिकाम्या बाटल्या चार मिळतात. त्याच्याकडे तीनच होत्या. चौथी मला सापडली. एका पुलाखाली एक माणूस मुक्काम करून असतो, पोहत त्याच्यापर्यंत जावं लागतं, आणि भेटलात की तो बाटली देतो. मला शंका आली म्हणून मी त्याच्या फाइलमध्ये जाऊन त्या पुलाखाली गेले. तो माणूस तिथेच होता, बाटली द्यायची राहिलेली. इतकी वर्षं कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं. मी ती घेतली, आणि त्या एका वेळी मात्र त्याच्या जागेत सेव्ह केलं.

आज मागून येणाऱ्या मुलांचा विचार मनात आला की मला खरोखर काळजी वाटते. आम्हाला उशिरा का होईना, वस्तू मिळायची. ती कुणाच्या तरी हातून यायची आणि पुढे कुणाला तरी देता यायची. आता गेम अनेकदा वस्तू म्हणून येतच नाही, खात्यात येतो, आणि खातं दुसऱ्याला देता येत नाही. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. जे फक्त तिथेच मिळत होतं, ते उशिरा येणाऱ्याने आता रीतसर कुठून घ्यायचं? त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्याने विकत मिळत नव्हते, असं त्यात आढळलं. पूर्वी मागे असणं म्हणजे वाट बघणं होतं. आता पोचेपर्यंत दार लागलेलं असतं. ग्रंथालयांनी जशी जुनी पुस्तकं जपली तसे हे खेळ कायद्याने जपता यावेत, असं मला मनापासून वाटतं.

माझी झेल्डाची कॅसेट अजून आहे. काही वर्षांपूर्वी भाचीला दाखवायला म्हणून लावली, तर तिन्ही जागा रिकाम्या. आतला सेल संपला होता. त्याचे अठरा बदाम, चौथी बाटली, माझी फाइल, भावाची फाइल, सगळं गेलं. दुरुस्ती करणाऱ्याने कॅसेट उघडून जुना सेल सोडवला आणि नवा झाळून बसवला. म्हणाला, आणखी पंधरा-वीस वर्षं बघायला नको.

भाचीने विचारलं, "मावशी, पहिल्यात कुणाचं नाव घालू?" मला ती चार अक्षरं आठवत होती. मी सांगितली, तिने एकेक निवडून घातली. दुसऱ्या जागेत तिचं स्वतःचं नाव आहे. पहिल्या जागेत आम्ही दोघी मिळून रविवारी खेळतो. परवापर्यंत सात बदाम झाले आहेत, आणि पुलाखालच्या त्या माणसाकडे अजून जायचं आहे.