वाडे अनेक, कळप एक

(दृश्य : युफ्रेटिस नदीकाठचा उंच कडा. मातीविटांच्या तटाचे अवशेष.)

पूर्व सीरियात युफ्रेटिसच्या काठावर दुरा-युरोपोस नावाचं एक उजाड शहर आहे. एके काळी ते रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरचं लष्करी ठाणं होतं. शहराच्या पश्चिम तटाला लागून जाणाऱ्या गल्लीत एक साधं राहतं घर होतं. इ.स. २४०च्या सुमारास त्या घरातली मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक मोठी खोली करण्यात आली. दुसऱ्या एका लहान खोलीत कमानीखाली पाण्याचा हौद बांधला गेला. बाहेरून घर घरासारखंच राहिलं, आत मात्र चर्च झालं. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी हे एक.

हौदामागच्या भिंतीवर एक माणूस रंगवलेला आहे. खांद्यावर भलामोठा मेंढा आणि पुढे कळप : मेंढपाळाच्या रूपातला येशू. खालच्या कोपऱ्यात, अगदी लहान आकारात, आदाम आणि हव्वा. बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या जलविधीसाठी, पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर हेच चित्र येई. त्यात क्रूस नाही, सिंहासनही नाही.

त्याच तटालगत यहुद्यांचं सभास्थान होतं, मिथ्र देवाचं मंदिर होतं. शहरात ग्रीक, लॅटिन, अरामी अशा कितीतरी भाषा चालत. पाण्यात उतरणारा यातल्या कुठल्या अंगणातून आला, हे ते चित्र विचारत नाही.

चित्र टिकलं ते एका वेढ्यामुळे. इराणच्या ससानी साम्राज्याच्या फौजांनी शहराला वेढा घातला, तेव्हा तट भक्कम करण्यासाठी रोमन सैनिकांनी आतल्या बाजूने मातीचा भराव टाकला आणि गल्लीतली घरं त्याखाली गाडली गेली. इ.स. २५६च्या सुमारास शहर पडलं, लोक गेले. भराव तसाच राहिला. १९३२मध्ये उत्खननात भिंती उघड्या झाल्या. चित्रांचे तुकडे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत.

(दृश्य : यहुदाचं रान. उघडी टेकाडं, खोल घळी, दूरवर चरणारा कळप.)

हे चित्र वाचायचं, तर आधी काम समजून घ्यायला हवं. कॅलेंडरवरची हिरवीगार कुरणं बाजूला ठेवूया. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तर मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्याही ४३० मीटर खाली. सरळ रेषेत दोन्हींमधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. वर वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, खाली १०० मिलिमीटरही नाही. आणि जो पडतो तो हिवाळ्यात. म्हणजे उतारांवर गवत दिसतं ते काही आठवडे. त्यानंतर कुठल्या टेकाडाच्या सावलीच्या अंगाला अजून दोन घास शिल्लक आहेत, हे ज्याला ठाऊक, त्याचाच कळप जगतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही’ हे तेविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य अशा कोरड्या मुलखातलं आहे.

त्याच स्तोत्रातलं ‘संथ पाणी’ही मेंढपाळाच्या अनुभवातून आलेलं. वाहत्या पाण्याला मेंढ्या बिचकतात, आणि लोकर भिजली की अंग जड होऊन पाय निसटतो. म्हणून पाणी अडलेली जागा शोधावी लागते. मृत्युछायेची दरी म्हणजे काय, तेही इथे डोळ्यांनी दिसतं. घळी इतक्या अरुंद की दुपारीही तळाशी सावली; आणि वर डोंगरात पाऊस झाला, तर खाली आभाळ कोरडं असतानाही लोंढा येतो.

(दृश्य : मेंढपाळाच्या हातातली काठी, जवळून.)

मराठी पवित्र शास्त्रात स्तोत्रकार म्हणतो, ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.’ मूळ हिब्रूतही दोन वेगळे शब्द आहेत. ‘शेवेत’ म्हणजे आखूड, जाड दांडकं, लांडग्याच्या टाळक्यात घालायचं. ‘मिशएनेत’ म्हणजे टेकायची लांब काठी. शेवेतचं आणखी एक काम आहे, मोजणीचं. संध्याकाळी वाड्याच्या अरुंद तोंडाशी मेंढपाळ उभा राहतो आणि दांडकं आडवं धरतो, म्हणजे मेंढरं एकेक करून त्याखालून जातात. लेवीयच्या पुस्तकात दशमांश काढताना प्रत्येक दहावं जनावर ‘काठीखालून’ जातं, ते असंच. अंगावरून हात फिरतो, खुरात काटा रुतलाय का, कानामागे गोचीड आहे का, ते दिसतं.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला दाखला इथून वाचायला हवा. शंभरातलं एक हरवलं हे कळण्यासाठी आधी शंभरच्या शंभर मोजावी लागतात. ढोबळ अंदाजाने ‘कळप आला’ म्हणणाऱ्याला नव्याण्णव आणि शंभर यांतला फरक कधीच जाणवत नाही.

शोधायची घाई का, त्यालाही कारण आहे. मेंढी कळपाशिवाय राहू शकत नाही. एकटी पडली की घाबरते, वेडीवाकडी पळते किंवा एका जागी थिजते. खळग्यात पाठीवर उलटली, त्यातून गाभण असेल किंवा लोकर दाट असेल, तर तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटात वायू साचतो, फुप्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत ती मरते. रात्री लांडगा येतो तो वेगळाच.

सापडली तरी ती चालत येईलच असं नाही, म्हणून खांद्यावर घ्यायची. पोट मानेवर टेकवून पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दोन दुसऱ्या हातात, छातीपाशी घट्ट. पकड ढिली पडली तर ती झाडते आणि दोघंही घसरतात. पूर्ण वाढलेली मेंढी चाळीस किलोच्या पुढे भरते. चित्रकार बहुतेक वेळा तिला कोकराएवढी करून टाकतात. दुराच्या भिंतीवरचा मेंढा मात्र त्याच्या खऱ्या वजनाचा वाटतो.

प्रवचनांतून एक गोष्ट वरचेवर ऐकू येते : सारखं भरकटणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो आणि बरं होईपर्यंत त्याला खांद्यावर वागवतो. पवित्र शास्त्रात ही गोष्ट कुठेही नाही. रोज मैलोगणती चालणाऱ्या कळपात मोडका पाय म्हणजे बहुधा मरणच. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात देव नेमकं उलट सांगतो : हरवलेल्याला मी शोधीन, मोडलेल्याला पट्टी बांधीन. शिवाय त्या अध्यायात वाईट मेंढपाळांवर ठेवलेला आरोपच हा आहे की त्यांनी मोडलेल्यांना बांधलं नाही आणि सक्तीने राज्य केलं. ही गोष्ट व्यासपीठावरून सांगणं आता थांबायला हवं.

मोलकऱ्याबद्दल, म्हणजे मजुरीवर दुसऱ्याची मेंढरं राखणाऱ्याबद्दलही थोडं. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायातला नियम असा : राखणीला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं, तर राखणदाराने पुरावा आणावा, मग भरपाई लागत नाही. आमोस संदेष्टा सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढपाळाचं चित्र रेखाटतो, त्यामागे हा व्यवहार आहे. मोलकऱ्याला कानाचा तुकडा हाती लागला तरी तो सुटला. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, ‘उत्तम मेंढपाळ मेंढरांकरता आपला प्राण देतो.’ कायद्याने मागितलं होतं त्याच्या कितीतरी पलीकडचं हे बोलणं.

(दृश्य : दगड रचून केलेला उघडा वाडा. एका बाजूला तेवढी मोकळी वाट.)

योहानाच्या त्याच अध्यायात येशू स्वतःला ‘मेंढरांचं दार’ही म्हणतो. एकाच वेळी मेंढपाळ आणि दार कसा? अनेक भाष्यकार रानातल्या वाड्याकडे बोट दाखवतात. दगडांच्या भिंतीला एक तोंड ठेवलेलं, त्याला फळी नाही. रात्री मेंढपाळ त्या तोंडातच आडवा होतो. आपल्याकडे धनगर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं कोंडतात आणि तिच्या तोंडाशीच पथारी टाकतात. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता सोळावं वचन. ‘ह्या मेंढवाड्यातली नव्हेत अशी माझी दुसरी मेंढरे आहेत, तीही मला आणली पाहिजेत.’ आणि शेवट : ‘एक कळप, एक मेंढपाळ’. ग्रीकमध्ये इथे दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘आउले’ म्हणजे वाडा, कुंपण. ‘पोइम्ने’ म्हणजे कळप. लॅटिन भाषांतरात दोन्हींसाठी ‘ओविले’, म्हणजे वाडा, हा एकच शब्द पडला, आणि वाक्य झालं ‘एक वाडा, एक मेंढपाळ’. १६११च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरानेही तेच उचललं. एका शब्दाचा फरक, पण अर्थ पुरता बदलतो. ‘एक वाडा’ म्हटलं की सगळ्यांनी आमच्या भिंतीच्या आत यायचं. ‘एक कळप’ म्हटलं की भिंतीचा संबंधच उरत नाही. मेंढरं एकत्र येतात ती मेंढपाळाच्या हाकेवर. मराठी भाषांतराने मेंढवाडा आणि कळप वेगळे ठेवले, ही मराठी वाचकासाठी मोठी जमेची गोष्ट आहे.

(दृश्य : रोमच्या भुयारी दफनभूमीतलं छत, दिव्याच्या उजेडात.)

आत कोणाला घ्यायचं, हा वाद जुना आहे आणि तो याच चित्रावरून झाला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक प्याल्यांवर रंगवलेल्या मेंढपाळावर चिडून लिहितो. त्याचं म्हणणं, हरवलेलं मेंढरू म्हणजे परधर्मीय. बाप्तिस्म्यानंतर व्यभिचारात पडलेला ख्रिस्ती नव्हे, त्याला चर्चमध्ये परत जागा नाही. समोरची बाजू प्याल्यावरच्या त्याच मेंढपाळाच्या आधाराने सांगत होती की पश्चात्ताप करणाऱ्याला परत घ्यावं. पुढे चर्चने परत घेण्याचीच वाट धरली.

रोमच्या दफनभूमींतल्या काही चित्रांत खांद्यावर मेंढरू नाही, करडू आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेरडं डाव्या हाताला काढली जातात, हे जाणणाऱ्याची नजर इथे अडखळते. तो अध्याय टाळून स्वागताचं बोलता येणार नाही. मेंढपाळ तिथे निवाडा करतोच. पण कसोटी कोणती? भुकेल्याला खायला दिलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, परक्याला घरात घेतलं का. कोणत्या वाड्यातले, असा प्रश्न तिथेही नाही.

पाचव्या शतकात इटलीतल्या राव्हेन्ना इथे, रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लासिडियाच्या समाधीमंदिरात, हाच मेंढपाळ सोनेरी-जांभळ्या वस्त्रांत बसलेला दिसतो. हातात सोन्याचा क्रूस, भोवती सहा मेंढरं. सुंदर मोझेक आहे, पण हा मेंढपाळ आता सम्राट झाला आहे. खांद्यावर कोणी नाही.

(दृश्य : हस्तिदंती मूर्ती, हळूहळू वरून खाली.)

सतराव्या शतकात गोव्यात त्याला वेगळंच रूप मिळालं. आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंतात इथल्या कारागिरांनी बाल येशू मेंढपाळ कोरला. डोंगराच्या टोकावर बसलेला, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. मांडीवर आणि खांद्यावर कोकरं, कमरेला भोपळ्याचं तुंबडं. खाली झरा, त्यावर पाणी पिणारे पक्षी आणि मेंढरं. अगदी तळाच्या गुहेत पहुडलेली येशूची शिष्या मरिया माग्दालिया. दाताची जाडी मर्यादित, म्हणून फांद्या वेगळ्या कोरून भोकांत बसवत. त्या निखळतात, आणि संग्रहालयांतल्या बऱ्याच मूर्तींवर आज फक्त रिकामी भोकं उरली आहेत. मिटल्या डोळ्यांच्या त्या मुद्रेत अभ्यासकांना बुद्ध दिसला, गुरं राखणारा कृष्णही दिसला. ज्या हातांनी मूर्ती घडवली, त्यांची ओळख तिच्यात उतरली आहे.

(दृश्य : नागपूर. ऑल सेंट्स कॅथीड्रल.)

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पाद्रींना ‘पाळक’ म्हणतात. पाळतो तो पाळक. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन अशा परंपरांच्या सहा मंडळ्यांनी आपापली कुंपणं काढली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एक मंडळी झाली. बालकांचा बाप्तिस्मा की प्रौढांचा, हा शतकांचा वाद होता. नव्या मंडळीत दोन्ही पद्धतींना जागा ठेवली गेली.

सगळे वाडे मात्र उठलेले नाहीत. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे उपासनेत, कम्युनियन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाची भाकर) आजही साधारणपणे कॅथलिकांनाच दिलं जातं. त्यामागे त्या चर्चची स्वतःची गंभीर धर्मशास्त्रीय भूमिका आहे. तरीही एकाच घरातले नवरा-बायको, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, वेदीसमोरच्या रांगेपाशी वेगळे होतात, तेव्हा दुखतं, आणि ते दुखणं खरं आहे.

ईस्टरच्या चौथ्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये योहानाचा दहावा अध्याय वाचतात. वाचनं तीन वर्षांच्या चक्रात वाटलेली आहेत : पहिल्या वर्षी दाराचा भाग, तिसऱ्या वर्षी वाणी ओळखणाऱ्या मेंढरांचा. ‘दुसरी मेंढरे’ हे सोळावं वचन फक्त दुसऱ्या वर्षी येतं. पुढचा तसा रविवार १८ एप्रिल २०२७चा. त्या वचनातली शेवटची दोन क्रियापदं भविष्यकाळी आहेत : ‘ऐकतील’ आणि ‘होईल’.

(दृश्य : संध्याकाळ. वाड्याच्या तोंडाशी आडवं धरलेलं दांडकं. एकेक मेंढरू आत जातं. मोजणीचा आवाज.)