लेबलाशेजारी कोरलेला आकडा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘संगीतप्रेमी आणि कलाकारांसाठी इंटरनेटवरची साधनं’. कलाकारांच्या कामाचं शेवटी सांगणार आहे, नक्की सांगणार आहे. पण आधी एका क्लॅरिनेटबद्दल बोलू द्या, कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं मी का सांगतोय ते कळायचं नाही.

एका मित्रानं मला कॅसेट भरून दिली होती. वर पेन्सिलीनं ‘मिश्र, बाजू ब’, एवढंच. तिसऱ्या गाण्यात गायिका थांबते आणि क्लॅरिनेट सुरू होतं, जेमतेम चाळीस सेकंद. वादक सुरुवातीला श्वास घेतो तो ऐकू येतो. ती चाळीस सेकंदं मी किती वेळा ऐकली असतील! वाजवणारा कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे इंटरनेटवर गाणी ऐकायची सोय झाली, एका सेवेवर ते गाणं सापडलं. मी धावत गेलो. तिथे काय? गायिकेचं नाव, चौकोनी चित्र, बस्स. वादक नाही, साल नाही. साल होतं म्हणा, पण ते पुनःप्रकाशनाचं. गाणं तीस वर्षांनी तरुण करून टाकलेलं. मी त्यांना लिहिलं. ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य.

जरा हात वर करा बरं: आपल्या सगळ्यात आवडत्या गाण्यात बास कुणी वाजवलाय, हे किती जणांना नावानिशी माहीत आहे? चार हात. त्यातले दोन बास वाजवणाऱ्यांचेच असणार!

तर, वादक सापडला तो डिस्कॉग्जवर, म्हणजे तबकड्या-कॅसेटींच्या इंटरनेटवरच्या सूचीत. केव्हिन लेवांडोव्स्की यांनी 2000 साली ही सूची सुरू केली, ती इलेक्ट्रॉनिक संगीतापुरती. पुढे सगळंच संगीत तिच्यात आलं. तिची खुबी अशी, की एकाच अल्बमची प्रत्येक आवृत्ती ती वेगळी नोंदवते. आणि आवृत्ती ओळखायची कशी? तबकडीवर शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर बारीक आकडे असतात. कधी ठशाचे, कधी हातानं खरवडलेले. आवरण तेच, लेबल तेच, पण तो आकडा निराळा तर साचा निराळा. माझ्या मित्राकडे होती ती नंतरची आवृत्ती. तिच्या आतलं छापील पाकीट काढून टाकलेलं होतं. पहिल्या आवृत्तीच्या पाकिटाचा फोटो कुणा अनोळखी माणसानं चढवून ठेवला होता. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत वादकाचं नाव. मी ते मोठ्यानं वाचलं, घरात एकटाच असून.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाणं ऐकायला मिळणं आता अवघड राहिलेलं नाही, नोंद मिळणं अवघड आहे. आणि ती नोंद कुणीतरी, बहुतेक वेळा फुकट, बसून टाइप केलेली असते.

या फुकट टाइप करण्याचा एक इतिहास आहे. साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसायची. सीडी संगणकात घातली की नावं यायची, ती सीडीडीबी नावाच्या संग्रहातून. गाणी किती आणि प्रत्येक कुठे सुरू होतं, यावरून तो सीडी ओळखायचा. नावं भरली कुणी? जगभरच्या ऐकणाऱ्यांनी. 1998 मध्ये तो संग्रह विकला गेला आणि लोकांनी भरलेल्या माहितीवर धंद्याच्या अटी आल्या. मला आजही याचा राग येतो. पण तशाच रागातून रॉबर्ट केय यांनी म्युझिकब्रेन्झ हा संगीताच्या नोंदींचा इंटरनेटवरचा संग्रह उभा केला. त्याची मुख्य माहिती कुणीही, कशाहीसाठी, परवानगी न मागता घ्यावी अशी मोकळी आहे. ती कुणी उचलून कुलुपात घातली तरी मूळ प्रत सगळ्यांकडे राहते. तिथे रचना वेगळी, तिचं ध्वनिमुद्रण वेगळं आणि त्या ध्वनिमुद्रणाचं प्रकाशन वेगळं धरतात. सुरुवातीला हा काथ्याकूट वाटतो. पण क्लॅरिनेट वाजवलं जातं ध्वनिमुद्रणात; रचनेत नाही आणि प्रकाशनातही नाही. वादकाचं नाव अडकवायला ही मधली खुंटीच लागते. पिकार्ड नावाचं त्यांचं सॉफ्टवेअर तुमच्या फायलींना हीच नावं लावून देतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. बरं, भरभर.

स्वरलिपी हवी असेल तर आयएमएसएलपी हे संकेतस्थळ. एडवर्ड ग्वो या विद्यार्थ्यानं 2006 मध्ये सुरू केलं; ऑक्टोबर 2007 मध्ये एका प्रकाशकाच्या नोटिशीनं बंद पडलं, जून 2008 मध्ये पुन्हा उघडलं. एक सावधगिरी: रचनाकार जाऊन दीडशे वर्षं झाली तरी आवृत्तीच्या संपादकाचा हक्क शिल्लक असू शकतो, आणि मुदत देशागणिक बदलते. स्वतः स्वरलिपी लिहायची तर म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

जुनं ऐकायचं तर सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मेणाच्या नळकांड्यांवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नॅशनल ज्यूकबॉक्स. 1923 पूर्वीची ध्वनिमुद्रणं अमेरिकेत 1 जानेवारी 2022 पासून हक्कमुक्त आहेत.

आता कलाकारांनो, तुमचं. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक घ्या. तो त्या ध्वनिमुद्रणाचा असतो, गाण्याचा नव्हे. तेच गाणं पुन्हा मुद्रित केलं की नवा क्रमांक. रचनेचा क्रमांक निराळा, त्याला आयएसडब्ल्यूसी म्हणतात. फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावरचे आवाज वापरताना प्रत्येक आवाजाचा परवाना वाचा. काही पूर्ण मोकळे, काहींना श्रेय देणं बंधनकारक, काही धंद्यासाठी चालत नाहीत. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक या, आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात स्वतःजवळ ठेवा, दोन ठिकाणी. एका संकेतस्थळावर चढवलं म्हणजे जपलं, असं होत नाही: मायस्पेस या संकेतस्थळावर 2015 पर्यंत चढवलेली असंख्य गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे 2019 मध्ये उघड झालं. आणि ध्वनिमुद्रण संपलं की त्याच संध्याकाळी सगळ्यांची नावं लिहून काढा. कोण काय वाजवतंय, आवाज कुणी मिसळले, तारीख. महिन्यानं विचाराल तर ‘तो दुसरा ट्रम्पेटवाला कोण रे?’ इथून सुरुवात होते.

माझ्या त्या क्लॅरिनेटवाल्याचं नाव मी म्युझिकब्रेन्झवर घातलं. आठवड्याभरात दूरच्या कुणीतरी त्यातलं एक अक्षर दुरुस्त केलं. पाकिटावरच चुकीचं छापलेलं होतं म्हणे, आणि पुरावा म्हणून त्याच वादकाच्या दुसऱ्या तबकडीचा फोटो जोडला. त्या तबकडीवर तो अख्खी एक बाजू वाजवतो.

वेळ संपली. कुणी तबकड्या आणल्या असतील तर थांबा. माझ्याकडे भिंग आणि बॅटरी आहे. आकडा तिरपा उजेड टाकल्यावरच वाचता येतो.